कोरड्या शहराचा वॉलमन

वामनकाका,

तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला अजून राग येतो आहे. सुरुवातीला वाटलं तुमच्यावर येतो आहे. हळूहळू उमगलं की तो माझाच माझ्यावर आहे, पण ऐकायला कोणी तरी पाहिजे म्हणून तुमच्यावर काढते. तुम्ही असतात तर गालातला तंबाखूचा खर्रा या बाजूचा त्या बाजूला सरकवून म्हणाला असतात, "बोल वं मास्तरीणबाई, बोल, मी ऐकून राहिलो."

तर ऐका.

आपल्या त्या खेळाबद्दल कोणी विचारलं की मला आजही धड सांगता येत नाही. परवा शाळेत एका सहशिक्षिकेनं विचारलं, "वॉलमन आणि तुझी मैत्री कशी काय गं?" मी म्हटलं, कॉम्प्युटर गेममुळे. तिनं असं पाहिलं की मी आपली पेपर तपासायला लागले. काय सांगणार? की कोणी तरी, कुठल्या देशातलं माहीत नाही, इंटरनेटवर एक फाइल ठेवली आणि नाहीसं झालं. खेळाला नाव नाही. उघडला की समोर एक दगडी शहर. त्यात माणूस नाही, अक्षर नाही, काय करायचं त्याची सूचना नाही. नुसते कालवे, हौद, पायऱ्या, कमानी, आणि सगळं ठणठणीत कोरडं. भिंतींमध्ये अकरा लोखंडी चाकं. चाकं फिरतात, पण फिरवून काहीच होत नाही. जगभरातली आमच्यासारखी डोकेफोड करणारी माणसं एका फोरमवर जमली होती, आम्ही त्याला 'कोरडं शहर' म्हणायचो, आणि वर्षानुवर्षं त्याचं कोडं सोडवत बसलो होतो. कोणी काय केलं आणि काय झालं, याचा एक सामाईक तक्ता होता. तो सांभाळायचं काम माझ्याकडे, गणिताची बाई म्हणून. तक्त्याचा नियम एकच: एकानं केलेलं दुसऱ्याला तसंच करून तेच दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर त्या ओळीवर लाल रेघ.

हा नियम माझाच होता, काका. फार अभिमान होता मला त्याचा.

तुम्ही आमच्या घरी आलात ते नळ पाहायला. गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायच्या-बंद करायच्या नोकरीतून, वॉलमन म्हणून, निवृत्त होऊन तुम्हाला वर्ष झालं होतं, तरी हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत पाण्याची धार बारीक झाली की लोक तक्रार करायच्या आधी तुम्हाला हाक मारत. तुमच्या हातात पाना होता. टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता, आणि तुम्ही नळ सोडून त्याच्यापुढे जाऊन उभे राहिलात. बराच वेळ उभे राहिलात.

"हे कोणं बनवलं वं?"

"माहीत नाही काका. खेळ आहे तो."

"खेळ नोहे हा. ज्यानं बनवला तो वॉलच्या खड्ड्यात उतरलेला माणूस आहे. ह्या नालीचा उतार पाह्य. बरोबर काढला आहे."

मग तुम्ही विचारलंत, मी त्या भिंतीवर एवढं काय शोधते आहे. मी सांगितलं, अक्षरं. त्या काळ्या आडव्या रेघांवर आमची दोन वर्षं गेली होती. सांकेतिक लिपी आहे असं ठरवून लोकांनी कुठली खूण किती वेळा येते ते मोजलं होतं, कोष्टकं केली होती, दोघांचं तर त्यावरून कायमचं भांडण झालं होतं. तुम्ही म्हणालात, "अक्षरं कुठं आहे त्याच्यात? पाण्याचे डाग आहे ते. पाणी जिथवर चढत होतं तिथवर दगड काळा पडला आहे."

मी हसले. नळ दुरुस्त करून, चहा पिऊन तुम्ही गेलात. संध्याकाळी गंमत म्हणून मी शहरभरातल्या रेघांची उंची मोजली. उतारावरच्या गल्लीत, चौकात, हौदात, पार त्या टोकाच्या पुलाखाली. सगळ्या एका पातळीत होत्या. एवढी शिकलेली माणसं आम्ही, आणि तुम्ही पाना हातात धरून उभ्या उभ्या वाचून गेलात.

मग काय, तुमच्या मुलीचा जुना कॉम्प्युटर तुम्ही खाटेशेजारी मांडलात आणि शंभर पानी वही घेऊन शहरात फिरायला लागलात. कुठला कालवा कुठे उतरतो, कुठलं चाक आधी, कुठलं नंतर, सगळं पेन्सिलीनं. टाइप करायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून मला आवाजात निरोप पाठवायचात आणि मी ते इंग्रजीत करून फोरमवर टाकायची. तिकडच्या लोकांना तुमचं नाव उच्चारता येईना, तर ते तुम्हाला 'वॉलमन'च म्हणायला लागले. रोज सकाळी कोणी ना कोणी विचारायचं, आज वॉलमन काय म्हणतो? तुमच्या वहीवरून मी अकरा चाकांचा क्रम लावला तेव्हा फोरमवरच्या एका मोठ्या इंजिनिअर बाईनं मला खाजगीत विचारलं होतं की हे गृहस्थ कुठल्या विद्यापीठात शिकवतात. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला.

आणि एक रविवार मला विसरता येत नाही. तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि म्हणालात, "आज काहीच नको करू. तू येऊन जाऊन उत्तरच पाहत राहते. गाव पाह्यलं का कधी?" मला असल्या गोष्टींचा मनापासून वैताग. पण बसले. कळा न दाबता अर्धा तास नुसतं पाहत बसले. आणि मला दिसलं की हौदाच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत. म्हणजे ज्या कोणी हे बनवलं त्यानं आधी त्या पायऱ्यांवरून घागरी घेऊन चढउतार करणाऱ्या बायका मनात आणल्या होत्या, त्यांचे पाय आणले होते, किती वर्षं ते पाय तिथे पडले तेही आणलं होतं. चार वर्षं मी त्या पायऱ्यांवरून धावत गेले होते. त्या दिवशी मला रडू येईल की काय असं वाटलं, पण तुमच्यासमोर मी कशाला रडते. मी म्हटलं, चला, पेपर तपासायचे आहेत.

मग तो मंगळवार. मी शाळेत, घटक चाचणी सुरू, आणि मधल्या सुट्टीत तुमचा निरोप ऐकला. तुमचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. अगदी हळू, देवळात बोलावं तसा. "पाणी आलं वं. सगळ्या शहरात आलं. बहुतच सुंदर आहे."

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता थेट तुमच्याकडे आले. स्क्रीनवर शहर होतं तसंच कोरडं.

"कुठे आहे पाणी?"

"बंद केलं ना."

"बंद केलं?"

"मंग? पाऊण तास सोडलं होतं. झालं म्हून एकेक चाक बंद करत आलो. पाणी सोडून निघून थोडी येतात."

मी कपाळावर हात मारून घेतला. जगातल्या हुशार माणसांना जे साधलं नाही ते तुम्ही साधलंत आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून बंद करून ठेवलंत! मी तरीही तुमची ओळ तक्त्यात लिहिली, क्रमासकट. त्या दिवशी जगभर लोकांनी तोच क्रम लावला. मीही लावला. कोणाकडेच थेंब आला नाही.

मी तुम्हाला विचारलं होतं, काका. विचारलं नाही असं नाही. "चाक नेमकं कसं उघडलंत?" तुम्ही म्हणालात, "जसं खोलतात तसं खोललं." मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे पूर्ण खोललं." मी लिहिलं, पूर्ण उघडलं. फोरमवर कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं वय झालं आहे, कोणी तुमच्या मोतीबिंदूची चौकशी केली. मला ते झोंबलं, आणि तुम्हाला खरं ठरवायच्या घाईत मी ते थेट प्रात्यक्षिक ठरवलं. सगळ्यांनी आपापल्या घरून तुमचा स्क्रीन पाहायचा.

तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सुमनकाकूंनी चहा केला होता. मी शेजारी तक्ता घेऊन उभी, वर्गात उभी राहते तशी. "उजवी कळ दाबा काका. दाबून ठेवा. बास, पूर्ण उघडलं, सोडा. चला पुढच्याकडे." एकदोनदा तुमचा हात अडखळला. मला वाटलं एवढी माणसं पाहताहेत म्हणून बुजलात. मी म्हटलं, "चला काका, लोक थांबले आहेत." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुढे गेलात. अकरा चाकं झाली. आपण थांबलो. शहर कोरडंच.

तुम्ही म्हणालात, "नाही आलं."

त्याच दुपारी मी तुमच्या ओळीवर लाल रेघ मारली. दुसऱ्या कोणाला मारू दिली नाही. मला वाटलं नियम सगळ्यांना सारखा असावा, जवळच्या माणसाला जरा जास्तच. केवढा तो करारीपणा!

संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. भांडण असं झालंच नाही आपलं, तेवढंच बोलणं. मी म्हटलं, दुसऱ्याला दाखवता आलं पाहिजे काका, नुसत्या शब्दावर कसं चालेल. तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं लोकाईनं माह्या शब्दावर बादल्या मांडल्या. सहा वाजता पाणी येईन म्हटलं का मांडल्या. कोणी म्हटलं नाही का आधी दाखव."

"ते पाणी खरं होतं काका."

"हे बी खरं होतं," तुम्ही म्हणालात आणि चपला घालून गेलात.

त्यानंतर तुमचा निरोप कधी आला नाही. रस्त्यात भेटायचो. ऊन काय तापून राहिलं, भाजी काय महाग झाली, शाळेला सुट्ट्या कधी. शहराचं नाव तुम्ही काढलं नाहीत आणि मीही काढलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला लागलं असेल, होईल ठीक. खेळातून मन उडालं असेल. असे सात महिने गेले, आणि एका सकाळी दुधवाल्यानं सांगितलं की वामनकाका गेले.

तेरवी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. दुपारची वेळ होती. "ते मशीन बंद करून दे वं येऊन. तेव्हापासून तसंच चालू आहे. मले समजत नाही कुठून बंद करतात."

मी आले. खाटेशेजारी तुमची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. मी कळ दाबली, तर स्क्रीन उजळला आणि शहर समोर. तुम्ही पहिल्या चाकापाशी उभे होतात. म्हणजे खेळातले तुम्ही. मन उडालेलं नव्हतंच तर. बंद करायला हात होईना. म्हटलं, तुमच्या नावानं एकदा शेवटचं फिरून येऊ. पहिलं चाक पूर्ण उघडलं आणि पुढे निघाले.

"सोडून दिलं का तसंच?" काकू म्हणाल्या. "मागं नाही घेतलं?"

"काय मागे, काकू?"

"अर्धा फेरा. वॉल पूर्ण खोलला का अर्धा फेरा मागं घ्या लागते ना. नाहीतर तो जाम बसते, मंग बंद कराच्या टायमाले हालत नाही. ते तर घरच्या नळाले बी तसंच करत."

मी कळेवर बोट ठेवून तशीच बसले. अडखळणारा तुमचा हात आठवला. बुजला नव्हता तो. तो मागे जायला निघाला होता, प्रत्येक वेळी, आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं होतं, चला पुढे. तुम्ही ते मला कधी सांगितलं नाहीत कारण ते वेगळं सांगायचं असतं हे तुम्हाला सुचलंच नाही. भाजी केली म्हणताना गॅस पेटवला हे कोण सांगतं? तुमच्या लेखी उघडणं म्हणजे तेच होतं, पूर्ण उघडून अर्धा फेरा मागे. आणि चार वर्षांत आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नव्हतं, कारण उघडलेलं चाक पुन्हा मागे घेणं म्हणजे आम्हाला केलेलं काम मोडणं वाटत होतं.

मी परत फिरले. पहिलं चाक अर्धा फेरा मागे. दुसरं पूर्ण, मग अर्धा फेरा मागे. अकराव्यापाशी पोचेपर्यंत काकू मेथी ठेवून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आधी नुसता आवाज आला. लांबून, खोल दगडातून, कोणी तरी मोठा उसासा टाकावा तसा. मी घाबरून काकूंकडे पाहिलं. "हवा निघून राहिली," त्या म्हणाल्या. "आधी हवा निघते." आणि मग वरच्या हौदाच्या तोंडाशी दगडावर एक ओली रेघ उमटली. ती खाली उतरली, वळली, तुम्ही पेन्सिलीनं काढली होती त्याच वाटेनं. मग पाणी आलं, काका. गल्लीगल्लीतून आलं, पायऱ्या चढत आलं, चढत चढत बरोबर त्या काळ्या रेघांपाशी आलं आणि थांबलं. एक बोट वर नाही की खाली नाही. आणि शहरभरातल्या त्या अर्ध्या कमानी, ज्या आम्ही पडक्या म्हणून मोजून ठेवल्या होत्या, त्यांचं खाली पाण्यात प्रतिबिंब पडलं आणि त्यांचे पूर्ण गोल झाले. एकेक करत, सगळ्या. एकही कमान पडकी नव्हती. सगळ्या पाण्याची वाट पाहत होत्या.

मी रडले. तुमच्या खुर्चीत बसून, काकूंच्या समोर, नाक वाहीपर्यंत रडले. तुमच्यासाठी रडले हे तर आहेच, पण खरं सांगू का, त्या क्षणी मी त्या पाण्याला पाहूनच रडत होते. इतकं सुंदर काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि ज्यानं ते करून जगाच्या कोपऱ्यात ठेवून दिलं त्याचं मला भय वाटलं, देवाचं वाटावं तसं. त्यानं कुलूप लावलं ते असं की ज्यानं कधी काळी लोकांसाठी पाणी सोडलं आहे त्याच्याच हाताला ते उघडावं. तो दुसऱ्या कुठल्या गावचा वॉलमनच असेल, आणि तुम्ही त्याला एका नजरेत ओळखलं होतं.

त्याच दिवशी मी फोरमवर सगळं लिहिलं, माझ्या रेघेसकट. काही लपवलं नाही. तासाभरात कुठे कुठे पाणी आलं. एकानं लिहिलं की तो आपल्या आईला उठवून घेऊन आला. त्या इंजिनिअर बाईनं फक्त तुमचं नाव लिहिलं, पूर्ण आणि बरोबर. लोक म्हणतात भरलेल्या शहरात आता एक दार दिसतं आहे, त्याच्यापुढेही काही आहे. मी अजून गेले नाही. मात्र एक गोष्ट तुम्हाला आवडेल. मी लिहिलं होतं की वॉलमन पाणी पाहून झालं की चाकं बंद करायचे. तर आता सगळेच करतात. अकराही चाकं, एकेक करून. सोडून कोणी जात नाही.

पण एक प्रश्न मला छळत होता, म्हणून काल पुन्हा काकूंकडे गेले. त्या दिवशी त्यांना एवढं सगळं ठाऊक कसं होतं?

"रोज तर पाहत होतो आम्ही," काकू म्हणाल्या. "सकाळी चहा झाला का ते पाणी सोडत. मी बी बसत होती बाजूले."

"रोज? त्या प्रात्यक्षिकानंतरही?"

"रोज. तू गेली त्या दिवशी, तर त्याईनं लगेच पुन्हा सोडलं होतं. म्हणे, मास्तरीण घाईत होती."

म्हणजे काय चुकलं ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. सात महिने तुम्ही रोज ते शहर भरून पाहत होतात, आणि मी तुमच्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होते. माझा आवाज चढला. म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळलं नाही मी असं काय विचारते आहे.

"सांगतलं होतं ना वं तुले," त्या म्हणाल्या. "पाणी आलं म्हून. एकदा सांगतलं होतं."

माझं चुकलं, काका. हे तुमच्या तोंडावर म्हणायला माझ्याकडे सात महिने होते, आणि मधे फक्त दोन गल्ल्या होत्या.